मृतांची भूक

गेलेल्या माणसाला भूक लागते, ही कल्पना पहिल्यांदा कोणाच्या मनात आली असेल, हे कोणतेच उत्खनन सांगू शकणार नाही. पण ती चूल आणि पंगत यांच्या आसपासच कुठेतरी जन्मली असावी, असे मला वाटत आले आहे. मृत्यूचे तत्त्वज्ञान माणसाला फार उशिरा सुचले; त्याआधी त्याला दिसली असेल ती जेवणाच्या वेळची एक रिकामी जागा, हाताच्या सवयीने जास्तीची थापली गेलेली एक भाकरी, आणि ती आता कोणाला वाढायची हा अगदी व्यावहारिक, तरीही निरुत्तर करणारा प्रश्न. आत्मा, परलोक, पुनर्जन्म ही सारी भव्य वास्तू या एका प्रश्नाच्या पायावर तर उभी राहिली नसेल? नाशकात गोदेच्या आसपास आयुष्य काढणाऱ्याला हा प्रश्न टाळता येत नाही, कारण इथे रोज सकाळी कोणीतरी आपल्या गेलेल्या माणसाला जेवू घालत असते. वाचनाच्या वाटेने मन नाईलच्या काठी गेले की तिथेही तेच चाललेले दिसते. फक्त त्या लोकांनी मृताच्या भुकेचा विचार इतक्या टोकाला नेला की त्यांची उत्तरे न्याहाळताना आपल्या उत्तरांकडेही थोडे परकेपणाने पाहता येते. असा परकेपणा अधूनमधून लाभावा. त्याशिवाय स्वतःच्या घाटाच्या पायऱ्याही नीट दिसत नाहीत.

१९२२ च्या नोव्हेंबरात हॉवर्ड कार्टर तुतनखामेनच्या थडग्यात शिरला तेव्हा जगाचे डोळे सोन्याने दिपले, आणि ते स्वाभाविकच होते. मला मात्र त्या वैभवापेक्षा बाहेरच्या दालनातला, गायीचे मस्तक कोरलेला तो सोनेरी पलंग आणि त्याच्याखाली रचून ठेवलेल्या पांढऱ्या लाकडी पेट्या अधिक विचारात पाडतात. त्या थडग्यात अशा ४८ पेट्या होत्या; बाहेरून पांढऱ्या रंगवलेल्या, आतून काळ्या राळेने माखलेल्या, आतल्या पदार्थाचा आकार अंगी घेऊन घडवलेल्या. बदके, हंस, बैलाच्या मांसाचे कापलेले भाग, असा तो जिन्नस. प्रत्येक तुकडा साफ केलेला, क्षारात सुकवलेला आणि राजाच्या देहाला गुंडाळावे तशा निगुतीने तागाच्या पट्ट्यांत गुंडाळलेला. विशीही न गाठलेल्या त्या राजाचा देह जसा अक्षय केला, तशीच त्याची शिदोरीही अक्षय केली होती. प्रवासाला निघालेल्या मुलाच्या पिशवीत आणखी एक पुडी सरकवणाऱ्या हातांचीच ती माया; पण त्या मायेला साम्राज्याचे धन आणि अनंतकाळाची भीती येऊन मिळाली, की शिदोरीचेही थडगे होते.

तुतनखामेनचे पणजोबा युया आणि पणजी थुया यांच्या थडग्यातही असेच मांस ठेवलेले होते. त्यांतल्या बैलाच्या बरगड्यांभोवतीच्या पट्ट्यांचे रासायनिक परीक्षण २०१३ साली प्रसिद्ध झाले, आणि त्यांच्यावर चरबीबरोबर पिस्त्याच्या कुळातल्या एका झाडाची राळ आढळली. देवापुढे धूप जाळावा किंवा शवपेटीला झळाळी द्यावी, इतक्या मोलाच्या कामासाठी राखलेली ही परदेशी वस्तू कोणीतरी जेवणाच्या बरगडीवर चोपडली होती. ते वाचल्यापासून मी त्या अनामिक कारागिराचा विचार करीत आलो आहे. तो आचारी होता की शवसंस्कार करणारा? बहुधा त्या दोन कलांची सीमा त्याच्या बोटांखाली पुसली गेली होती. आणि त्याच्या कौशल्याच्या शिखरावरच एक विपरीत सत्य उभे होते: जे अन्न कधीच नासत नाही, ते कोणाला कधीच खाताही येत नाही. अन्नाचे अन्नपण त्याच्या नाशवंतपणात आहे. चूल उतरताच ज्याचा काळ सुरू होतो, आणि तो संपण्याआधी ज्याला कोणाच्या तरी मुखी जावे लागते, तेच अन्न. अनंतकाळासाठी शिजवलेले जेवण हे भुकेचे सर्वांत सुंदर शिल्प असेल. पण भूक त्याने भागत नाही.

त्या सगळ्या कलेचे मूळ द्रव्य म्हणजे एक साधा पांढरा खार. कैरोच्या वायव्येला वाडी नात्रुन नावाचा सखल प्रदेश आहे. तिथल्या सरोवरांचे पाणी उन्हाने आटले की काठावर सोड्याच्या क्षारांची आणि मिठाची खरपुडी धरते. हेच नॅट्रॉन. पोट रिकामे केलेला देह या खारात चाळीसेक दिवस पुरून ठेवीत, सगळा विधी ७० दिवसांत पुरा करीत, आणि देहातले पाणी त्या खाराने प्यायले की नासण्याला आधारच उरत नसे. आपल्याकडे लोणारच्या सरोवरातूनही असाच सोडा पूर्वी काढला जात असे, आणि वैशाखात गच्चीवर साड्या पसरून उडदाचे पापड वाळत घालणाऱ्या बायकांच्या पिठात पडणारा पापडखार याच क्षारांच्या कुळातला. एका टोकाला फारोचा देह आणि दुसऱ्या टोकाला आपला पापड, आणि मध्ये तोच खार, तेच ऊन, तीच पाण्याला हुसकून लावण्याची युक्ती. फरक एवढाच की आपल्या साठवणीला पुढचा पावसाळा गाठायचा असतो आणि त्यांच्या साठवणीला काळच ओलांडायचा होता. घरच्या साठवणीला मुदत असते; ती संपायलाच हवी, नाहीतर पुढच्या वैशाखाला अर्थ उरणार नाही. मुदतीचे हे शहाणपण जिथे सुटते तिथून साठवणीचे संग्रहात आणि संग्रहाचे वेडात रूपांतर व्हायला लागते, आणि ते नेमके कुठे झाले हे कोणत्याच संस्कृतीला वेळीच कळत नाही.

या वेडाचा एक धागा आपल्या जिल्ह्यातूनही जातो. मालेगावजवळच्या कवळाणे गावात १८६३ साली जन्मलेला गोपाळ नावाचा शेतकरी घराण्यातला मुलगा १८७५ मध्ये दत्तक जाऊन बडोद्याचा सयाजीराव झाला. जगभर हिंडून, पाहून, विकत घेऊन त्याने आपल्या प्रजेसाठी जे संग्रहालय सजवले, त्यात एक इजिप्तची ममीही आणली. कमाटीबागेतल्या त्या इमारतीत ती आजही आहे. ज्या मुलाच्या गावी गेलेल्या माणसाला अग्नी देऊन राख नदीत सोडत, त्याने मोठेपणी परदेशातून एक न जळलेला, न विरलेला देह आणून लोकशिक्षणासाठी मांडावा, यात मला विसंगतीपेक्षा कुतूहलाचे औदार्य दिसते. पण त्या देहाच्या बाजूने विचार केला की मन थबकते. ज्याच्या आप्तांनी त्याला भाकरी आणि बीअर अखंड मिळावी म्हणून प्रार्थना केली असेल, त्याच्या वाट्याला आता रविवारी येणाऱ्या मुलांच्या नजरा तेवढ्या येतात. देह राहिला, पंगत उठून गेली.

इकडे रामकुंडावर याच्या नेमके उलट चालते, असे वरवर पाहता वाटेल. इथे तर कुंडालगतच्या पाण्याला अस्थिविलय तीर्थच म्हणतात. या पाण्यात अस्थी विरघळून जातात अशी शतकानुशतकांची श्रद्धा, आणि त्या श्रद्धेपोटी महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून लाल फडक्यात बांधलेली मडकी इथे येतात. एका संस्कृतीने हाडाला मांसासकट राखले आणि दुसरीने हाडही उरू नये म्हणून तीर्थ शोधले. पण हा विरोध जरा हलवून पाहिला की त्याच्या तळाशी एकच प्रश्न दिसतो. देह राहो वा न राहो, मृताला भूक आहे हे दोघांनाही मान्य आहे. इजिप्तने देह ठेवला कारण जेवायला कोणीतरी हवे. आपण तर देह नाहीसा करून, दहा दिवस पिंड देऊन, त्या भाताच्या गोळ्यांनीच मृतासाठी नवा सूक्ष्म देह अवयवाअवयवाने घडवतो, असे आपले शास्त्र सांगते. म्हणजे तिथे अन्न देहासाठी होते आणि इथे देहच अन्नाचा आहे. एकाच भयाची ही दोन व्याकरणे मला कधी परस्परविरोधी वाटली नाहीत. माझे कुतूहल असते ते या दोन्हींत प्राण्याला कोणती जागा मिळाली याविषयी.

दहाव्या दिवशी पिंड मांडून सारे आप्त मागे सरतात आणि कावळ्याची वाट पाहतात. या वाट पाहण्याइतके नाट्यपूर्ण दृश्य आपल्या कोणत्याच विधीत मला दिसत नाही. मंत्र म्हणून झालेले असतात, दक्षिणा ठरलेली असते, सगळे मनुष्याच्या हातातले संपलेले असते, आणि आता सगळ्याचा निकाल एका काळ्या, चतुर, कोणाचाही बांधील नसलेल्या पक्ष्याच्या मर्जीवर. तो झाडावर बसून मान वाकडी करून पाहतो आणि येत नाही. मग कोणी वडीलधारा पुढे होतो, हात जोडतो, "काळजी करू नका, धाकटीचं लग्न आम्ही करून देऊ," असे काहीतरी बोलतो. आयुष्यभर त्या घरात जे कोणी उच्चारले नसेल ते त्या अर्ध्या तासात, पक्ष्याच्या साक्षीने, उघड्यावर उच्चारले जाते. कावळा शिवतो तेव्हा सुटलेला निःश्वास मृताच्या तृप्तीचा किती आणि जिवंतांच्या सुटकेचा किती, हे कोण सांगणार! पण ज्याने कोणी हा विधी रचला त्याला एक गोष्ट कळली होती. नकार देऊ शकणारा कोणीतरी समोर असल्याखेरीज देण्याला अर्थ येत नाही.

आणि तरीही माणूस शेवटी माणूसच. कावळा आलाच नाही तर? दुपार चढते, भटजींना दुसरीकडे जायचे असते, बाहेरगावच्या पाहुण्यांची गाडी असते. अशा वेळी दर्भाचा कावळा करून त्याचा पिंडाला स्पर्श करवतात. शास्त्राची ही तडजोड मला नेहमी इजिप्तच्या प्राणिममींची आठवण करून देते. तिथे थॉथ देवाला आयबिस पक्षी, बास्टेटला मांजर, होरसला ससाणा अर्पण करायची प्रथा पुढच्या काळात इतकी फोफावली की सक्काऱ्याच्या भुयारांत लाखो पक्ष्यांच्या ममी रचल्या गेल्या. यात्रेकरू येई, आपल्या नवसापुरती एक ममी विकत घेई, आणि ती देवापर्यंत आपला निरोप नेईल या भरवशावर परत जाई. मँचेस्टरच्या अभ्यासकांनी आठशेहून अधिक प्राणिममी यंत्राने आरपार पाहिल्या. सुमारे एक तृतीयांशांत संपूर्ण प्राणी सापडला, तितक्यांतच अवशेष तुकड्यापुरते, आणि उरलेल्या तृतीयांशांत प्राणी मुळीच नव्हता. आत होता चिखल, बोरू, पिसे, अंड्याची टरफले. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात होर नावाच्या एका सेवकाने खापरांवर लिहून ठेवलेल्या टिपणांतून कळते, की या पक्ष्यांच्या कारभारात माजलेल्या गैरप्रकारांची चौकशी झाली आणि दर भांड्यात एक देव असलाच पाहिजे असा दंडक घालावा लागला.

याला फसवणूक म्हणावे की दर्भाचा कावळा? मी निर्णय देऊ धजत नाही. त्या पट्ट्यांची वीण इतकी देखणी आहे की निव्वळ लबाडीसाठी कोणी एवढे कष्ट घेईल असे वाटत नाही. घरट्यातले पीस किंवा टरफलही देवाच्या अंगाचेच मानणारी एखादी श्रद्धा त्यामागे असू शकेल. विधीला वस्तू लागते, वस्तू दुर्मीळ होते, मग तिची खूण लागते, आणि कालांतराने खूणच वस्तूपेक्षा सोयीची ठरते. दर्भाचा कावळा कधीच नकार देत नाही, आणि बोरूचा आयबिसही. श्रद्धेची झीज नास्तिकांमुळे फारशी होत नसावी. ती या सोयीमुळे होते, आणि सोय तर श्रद्धाळूंनाच हवी असते.

प्राण्यांना त्या श्रद्धेची किंमत मात्र खरीच मोजावी लागली. नवसाच्या मांजरांतली बरीचशी पिल्लेच, माना मुरगळून मारलेली. आणि याच देशात, हेरोडोटसने लिहून ठेवल्याप्रमाणे, घरचे मांजर मेले की घरातले सगळे भुवया भादरत आणि कुत्रे मेले तर डोक्यासकट सर्वांग. सुतकातल्या क्षौराची सवय असलेल्या मराठी वाचकाला यात विचित्र वाटण्यासारखे थोडेच आहे. विचित्र वाटते ते हे की घरच्या मांजरासाठी रडणारा हात देवळाजवळ दुसरे मांजर विकत घेताना थरथरला नाही. बेनी हसनजवळ १८८८ मध्ये सापडलेल्या मांजरांच्या ममी दोन वर्षांनी जहाजाने लिव्हरपूलला गेल्या. सुमारे १९ टन भरल्या, आणि खत म्हणून विकल्या गेल्या. देवासाठी अमर केलेले ते देह शेवटी विलायती शेतांतल्या पिकांचे अन्न झाले. इतकी शतके रोखून धरलेले नासणे असे उशिरा, परक्या मातीत पुरे झाले. निसर्गाला कर्ज माफ करता येत नाही; तो फक्त मुदत वाढवून देतो.

या जिल्ह्यात एका पक्ष्याच्या अंत्यविधीची स्मृती आहे आणि तिची जात अगदी निराळी आहे. इगतपुरी तालुक्यातल्या टाकेदला जटायू पडला, आणि त्या मरणाऱ्या पक्ष्यासाठी रामाने सर्व तीर्थांचे पाणी तिथे आणले, असे मानतात. म्हणून ते सर्वतीर्थ. वाल्मीकींच्या अरण्यकांडात राम जटायूला पित्याच्या मानाने अग्नी देतो, उदक देतो, आणि त्याच्यासाठी हिरवळीवर मांसाचे पिंड ठेवतो. पिंडाचा हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. गेलेला गिधाड आहे, तेव्हा त्याला भात कशाला? त्याच्या भुकेला जे रुचेल ते द्यावे, एवढे साधे औचित्य त्या वनवासी यजमानाला शोकातही सुचले. स्वतःच्या परलोकाच्या वाटेवर कोणा प्राण्याला दूत म्हणून धाडण्यापेक्षा, प्राण्याच्याच परलोकाची चिंता वाहणे ही भावना दुर्मीळ आहे. तिच्यात देवघेव नाही, ऋण आहे.

त्या जटायूच्या वंशजांची अवस्था आता अशी की त्यांनाच पंगत मांडून द्यावी लागते. गुरांना वेदनाशामक म्हणून दिलेले डायक्लोफिनॅक मेलेल्या गुराच्या मांसात उरत असे, ते खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत, आणि हे ध्यानात येऊन २००६ मध्ये गुरांसाठी त्या औषधावर बंदी येईपर्यंत आपल्या आकाशातून गिधाडे जवळजवळ पुसली गेली होती. त्र्यंबकच्या पलीकडे हरसूल भागातल्या खोरीपाड्याला त्यांच्यासाठी मेलेली जनावरे आणून ठेवण्याची जागा वनखात्याने केली. लोक तिला गिधाडांचे उपाहारगृह म्हणतात. मृत्यूचा हा सर्वांत निरपेक्ष सेवक, ज्याला इजिप्तने नेखबेत देवी म्हणून राजमुकुटावर बसवले आणि आपण अपशकुनी म्हणून हाकलले, तो देहात काहीतरी टिकून राहिल्यामुळे मेला. नासणारे नासू न देण्याचा गुन्हा माणसाकडून किती रूपांनी घडतो! मृतदेहाजवळ जाणाऱ्याला दूर ठेवण्याची आपली रीतही तशीच पुरातन. इजिप्तमध्ये शवाच्या कुशीला पहिली चीर देणाऱ्याला ती देताच पळावे लागे आणि जमलेले लोक त्याच्यावर दगड फेकीत, असे डायोडोरसने नोंदले आहे. आणि आपल्याकडे अंत्यविधी चालवणाऱ्या किरवंताला त्याच्याच जातीने पंगतीबाहेर कसे बसवले, हे प्रेमानंद गज्वींच्या 'किरवंत' नाटकाने मराठी प्रेक्षकाला दाखवले. ज्याच्यावाचून मृताला जेवायला मिळत नाही, त्याच्या हातचे जिवंतांना चालत नाही.

जाणूनबुजून केलेले जतन एका बाजूला, आणि कोणाच्याही ध्यानीमनी नसताना झालेले जतन दुसऱ्या बाजूला. पुराभिलेखांपेक्षा मातीवर अधिक विश्वास ठेवणाऱ्या ह. धी. सांकलियांनी शां. भा. देव यांच्यासह १९५०-५१ मध्ये नाशकातली मातीची गढी आणि संगमनेरजवळचे जोर्वे खणले. पुढे नेवासे, आणि मग घोड नदीकाठचे इनामगाव. दख्खनच्या त्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांना ना पिरॅमिड ठाऊक होते ना राळ. मूल गेले की ते दोन मडक्यांची तोंडे एकमेकांना लावून त्यांत ते इवलेसे शरीर ठेवीत आणि घरातल्याच जमिनीखाली पुरीत. जवळ एखादे तोटीचे भांडे, एखादा वाडगा. बाहेर कुठे दूर न नेता, रोज ज्या भुईवर वावरायचे, सारवायचे, जेवायचे, त्याच भुईखाली. मुलाला एकटे वाटू नये म्हणून, की आईला? नेवाशाच्या अशाच एका दफनात मुलाच्या गळ्यातली तांब्याच्या मण्यांची माळ सापडली आणि मण्यांच्या आत तिचा दोरा शाबूत होता. तपासाअंती त्यात कापूस आणि रेशीम ओळखू आले. तांबे गंजत गेले आणि त्या गंजातले क्षार दोऱ्यात मुरून त्यांनी तो जंतूंपासून वाचवला. तीन हजारांहून अधिक वर्षांचा तो दोरा कोणीच टिकवला नव्हता. तांब्याच्या झिजण्याने तो टिकला. ज्यांनी काहीच राखून ठेवण्याचा आग्रह धरला नाही त्यांच्याही मायेचा पुरावा मिळावा, आणि तोही एका धातूच्या क्षयातून, हे वाचले की काळाला केवळ विध्वंसक म्हणवत नाही. त्याची निवड आपल्या निवडीशी जुळत नाही, इतकेच.

ज्यांनी आग्रह धरला त्यांची एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. इजिप्तच्या श्रीमंतांना ठाऊक होते की पेट्यांतले मांस कितीही टिकाऊ असले तरी मृताला रोजचे ताजे अन्न लागणारच. म्हणून ते जमिनी तोडून देत, आणि त्या उत्पन्नावर मृताच्या 'का'ची, म्हणजे त्याच्या प्राणतत्त्वाची, सेवा करणारे पुजारी नेमीत. नैवेद्य दाखवून झाल्यावर तो पुजाऱ्यांच्याच पोटात जाई, आणि त्यात कोणाला वावगे वाटत नसे. पण पुजाऱ्यांच्या पिढ्या सरत, राज्ये बदलत, जमिनी दुसऱ्यांच्या होत. या अनुभवाने शहाणे होऊन मग भिंतींवर नांगरणी, कापणी, भट्टी, खाटीकखाना रंगवून ठेवला. लाकडाच्या बाहुल्यांची बेकरी मांडली. आणि अखेर थडग्याच्या दर्शनी भागावर येणाऱ्याजाणाऱ्याला विनवणी कोरली की बाबा रे, भाकरी, बीअर, बैल, पक्षी हजारांनी मिळोत एवढे तोंडाने म्हण. तुझे काही खर्चत नाही, फक्त श्वास. मला त्या साम्राज्याचे सगळे वैभव या विनवणीपाशी येऊन नम्र झालेले दिसते. सोने, राळ, दगड, जमीन हे सगळे करून झाल्यावर उरतो तो एक अनोळखी वाटसरू, जो थांबेल किंवा थांबणार नाही. म्हणजे शेवटी त्यांनाही कावळ्याचीच वाट पाहावी लागली.

पांडवलेण्याच्या डोंगरावर दहाव्या लेण्याच्या ओसरीत उभे राहिले की डोक्यावर याच प्रश्नाचे एक वेगळे उत्तर कोरलेले आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने एकोणीसशे वर्षांमागे हे लेणे भिक्षुसंघाला दिले आणि सोबत ३००० कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे मुद्दलाला हात न लावता केवळ व्याज भोगायचा निधी, ठेवली. गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यवसायसंघाकडे, २००० दरमहा शेकडा एक व्याजाने, दुसरीकडे १००० पाऊण टक्क्याने. पहिल्या रकमेचे व्याज वर्षाला २४० होते, आणि लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२ कार्षापण मिळावेत असे लेख सांगतो. हिशेब एका नाण्यानेही चुकत नाही. हाच दानशूर दुसऱ्या लेखात वर्षाला लाख ब्राह्मणांना भोजन घातल्याचे सांगतो. या सगळ्यात त्याने स्वतःच्या देहासाठी, स्वतःच्या परलोकातल्या ताटासाठी काही मागितलेले नाही. निधी आहे तो या लेण्यात चारी दिशांनी येऊन राहणाऱ्या भिक्षूंसाठी. ते कोण असतील, कुठले असतील, हे त्याला ठाऊक नव्हते आणि ठाऊक करून घ्यायचेही नव्हते.

अर्थात ही अक्षयनीवीही क्षय पावली. त्या श्रेणी मोडल्या, ती नाणी वितळली, वर्षावास थांबले. त्र्यंबकला आणि गोदाघाटावर तीर्थोपाध्यांच्या जुन्या चोपड्यांत गावोगावच्या घराण्यांच्या नामावळ्या मात्र अजून सांभाळलेल्या आहेत. ज्यांच्या अस्थी पाण्याने नेल्या त्यांची नावे शाईने धरून ठेवली, जणू विरण्याच्या या तीर्थाने आपल्याच तत्त्वाशी केलेली ही छोटीशी प्रतारणा. तरी श्राद्धात नावाने पिंड मिळतो तो पिता, पितामह, प्रपितामह या तिघांनाच. नवा पितर पंक्तीत आला की सर्वांत जुना उठतो; त्याच्या वाट्याला हाताला चिकटून राहिलेले लेप तेवढे, आणि त्यापलीकडचे सगळे नामरूप सोडून विश्वात मिसळलेले. युया तुतनखामेनचा पणजोबा, पण आजीच्या बाजूचा; तो आजोबांचा पिता असता तर आपल्या गणिताने त्याला त्या पोरसवद्या राजाच्या हातचा शेवटचा पिंड मिळाला असता, आणि पुढे तो मोकळा झाला असता. विसरण्याची अशी रीतसर, सन्मानपूर्वक सोय करून ठेवणाऱ्या पूर्वजांच्या मनाचा मोठेपणा मला वय वाढेल तसा अधिक जाणवतो. स्मरणाचे ओझे कोणी किती पिढ्या वाहायचे, हेही त्यांनी ठरवून दिले.

इतके सगळे ताडून पाहिल्यावर मृताला भूक लागते या कल्पनेवरचा माझा विश्वास उडालेला नाही, पण ती भूक कोणाची याविषयी मात्र मन हळूहळू पालटले आहे. राळ लावलेली बरगडी, बोरूचा आयबिस, दर्भाचा कावळा, घरच्या भुईखालची दोन मडकी, दगडातली विनवणी, या सर्वांत जो आकांत आहे तो खाणाऱ्याचा नसून वाढणाऱ्याचा आहे. आपले देणे कोणीतरी घ्यावे, हातातले ताट तसेच परत येऊ नये, ही जिवंत माणसाची भूक. आणि प्रिय माणूस गेला की ती अचानक निराधार होते. ज्यांनी ती कधीही नकार न देणाऱ्या वस्तूंवर भागवू पाहिली त्यांची पात्रे भरलेली राहिली आणि हात रिते. ज्यांनी ती नकार देऊ शकणाऱ्या जिवावर सोपवली, मग तो आंब्यावरचा कावळा असो, खोरीपाड्याच्या आकाशातले गिधाड असो, की पावसाळ्यापुरता लेण्यात उतरलेला कुठल्याशा देशाचा भिक्षू असो, त्यांना खात्री मिळाली नाही. तिच्याऐवजी आपल्या देण्याला घेणारा मिळाला. उषवदाताचा निधी बुडाला म्हणून त्याचे देणे वाया गेले असे मी म्हणणार नाही. जितकी वर्षे व्याज येत होते तितकी वर्षे कोणीतरी, दात्याचे नावही न घेता, त्या पैशांतून घेतलेले वस्त्र पांघरून पावसाळा काढला. आणि मृत्यूने उघड्या पाडलेल्या देणाऱ्याला याहून अधिक अक्षय असे काही मिळू शकते, असे निदान मला तरी वाटत नाही.